ओवा, साखरेची गोळी आणि पँटोप्राझोल

दिंद्रुड हे माजलगाव तालुक्यातलं गाव. एका अंगाला तेलगाव आणि तिथला साखर कारखाना, दुसऱ्या अंगाला सिरसाळा आणि पुढे परळी वैजनाथ. बीड जिल्ह्याच्या ह्या पट्ट्यात छातीत जळायला लागलं, आंबट पाणी तोंडाशी आलं, करपट ढेकरा सुरू झाल्या की माणूस एवढंच म्हणतो, "पित्त झालंय." मग घरातली म्हातारी ओवा आणि पादेलोण तळहातावर ठेवते. किराणा दुकानात सोड्याची पुडी मिळते, मेडिकलवर नुसतं "पित्ताची गोळी द्या" म्हटलं की काम होतं, आणि होमिओपॅथीच्या डॉक्टरांकडे गेलं की साखरेच्या बारीक गोळ्यांची बाटली हातात पडते. हे सगळे उपाय आज एकाच घरातल्या फळीवर शेजारी शेजारी दिसतात. ते तिथं पोचले मात्र वेगवेगळ्या काळात आणि वेगवेगळ्या कारणांनी. त्यांच्यामागे मराठवाड्याच्या ताटाचा आणि कष्टाचा मोठा इतिहास आहे.

परळीच्या ज्योतिर्लिंगाचं नाव वैद्यनाथ, म्हणजे वैद्यांचा स्वामी. ज्या मुलखात देवच वैद्य आहे, तिथं औषधाचा विचार जुना असणार. तरी गंमत अशी की आयुर्वेदाच्या सर्वांत थोर ग्रंथांत, चरक आणि सुश्रुत यांच्या संहितांत, आम्लपित्ताला स्वतंत्र प्रकरण नाही. ते येतं काश्यप संहितेत, आणि पुढे माधवकराच्या 'माधवनिदाना'त. काश्यप संहितेची पोथी नेपाळात सापडली आणि पंडित हेमराज शर्मांनी ती विसाव्या शतकात छापून उजेडात आणली. त्यामुळे आम्लपित्ताचं हे जुनं वर्णन आधुनिक वाचकांच्या हाती फार उशिरा आलं.

काश्यपाने दिलेली कारणांची यादी बीडच्या माणसाने मुद्दाम वाचावी अशी आहे. आधीचं पचलेलं नसताना पुन्हा जेवणं, शिळं आणि जड खाणं, मलमूत्राचे वेग दाबून धरणं, जेवून लगेच दिवसा झोपणं ही कारणं त्यात आहेतच. पण पदार्थांमध्ये काकवी आणि उसापासून केलेल्या वस्तू आहेत, कुळीथ आहे, पोहे आहेत, भाजलेली धान्यं आहेत. कुळीथ म्हणजे इकडचा हुलगा. हुलग्याचे शेंगोळे हा ह्या भागातला जिवाभावाचा पदार्थ. ऊस तर आता तालुक्याचं अर्थकारणच आहे. काश्यप आणखी एक सांगतो: हा रोग पाणथळ, दमट प्रदेशात जास्त, आणि औषधांनी हटला नाही तर रोग्याने मुलूख बदलावा. त्याच्या हिशेबाने बालाघाटच्या डोंगरांखालचा हा कोरडा प्रदेश आम्लपित्तापासून दूर असायला हवा होता.

आणि एके काळी तो दूर असावा, असं मानायला जागा आहे.

जुनं ताट आठवा. ज्वारीची भाकर, तीही रब्बीच्या शाळूची. जोडीला पिठलं किंवा वरण, पातळ ताक, कांदा, ठेचा. उन्हाळ्यात ज्वारीची आंबील. तेल करडईचं, आणि तेही हात राखून. ठेचा तिखट खरा, पण तो भाकरीबरोबर आणि ताकाच्या घोटाबरोबर जायचा. चहा घरोघर पोचलेला नव्हता. दिवस मावळताना जेवण उरकायचं, कारण दिव्याला तेल जाळणं परवडायचं नाही. आज पोटाच्या विकारांचे डॉक्टर जे सांगतात, म्हणजे कोंड्यासकट धान्य, कमी तेल, रात्री लवकर जेवण आणि जेवल्यावर दोन-तीन तासांनी झोप, ते गरिबीने आणि अंधाराने आपोआप घडवून आणलेलं होतं. त्याचं कौतुक करताना उपासमार विसरू नये. पण ताटाची ठेवण पोटाला मानवणारी होती, हे नाकारता येत नाही.

ह्या समजुतीला थोडा शास्त्रीय आधारही मिळाला. रेल्वेच्या वैद्यकीय सेवेतले डॉ. एस. एल. मल्होत्रा यांनी १९६० च्या दशकात देशभरातल्या रेल्वे कर्मचाऱ्यांमधल्या पेप्टिक अल्सरचा अभ्यास केला. दक्षिणेकडच्या भात खाणाऱ्या कर्मचाऱ्यांत हा आजार उत्तरेकडच्या पोळी खाणाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त दिसला. म्हैसूरला अनेक वर्षं मिशन रुग्णालयात शस्त्रक्रिया करणारे फ्रँक टोवी यांनी पुढे भारतभर हाच माग काढला. कोंडा काढलेला पांढरा तांदूळ मुख्य अन्न असलेल्या भागात अल्सर जास्त. न चाळलेला गहू, भरडधान्यं आणि डाळी खाणाऱ्या भागात कमी, असं त्यांच्या मांडणीचं सार होतं. चघळण्यामुळे लाळ जास्त मिसळते म्हणून, की धान्यातल्या स्निग्धांशामुळे, यावर एकमत झालं नाही. तरी भाकर खाणाऱ्या मुलखाने ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

पहिला मोठा धक्का १९७२ च्या दुष्काळाने दिला. मराठवाड्यातली विहीर आटली, कणगी रिकामी झाली, आणि माणसं खडी फोडायला रस्त्यावर आली. पोटात गेली ती परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी आणि कामावर वाटली जाणारी सुकडी. त्या पिढीतली माणसं अजूनही मिलोचं नाव निघालं की तोंड वाकडं करतात. त्याच्या थोडं आधी, १९६४ मध्ये, सीएसएच-१ ही पहिली संकरित ज्वारी आली होती. हायब्रीडने कणग्या भरल्या, हे तिचं ऋण मोठं. पण तिच्या भाकरीला शाळूची चव नाही, ही तक्रारही तेव्हापासूनची. पुढे रेशनचा गहू आणि तांदूळ आला, स्वस्त पामतेल आलं, चहा दिवसातून चार वेळा झाला, आणि गावाच्या चौकात वडे-भजी तळणाऱ्या कढया लागल्या. गोदावरीच्या खोऱ्यातल्या जायकवाडी प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात सिंदफणेवर माजलगावचं धरण झालं. कालव्याचं पाणी पोचलं तिथं ऊस उभा राहिला. पाणी आलेल्या शिवाराचा आणि न आलेल्या शिवाराचा असा एकाच तालुक्यात दुभंग झाला. कोरडवाहू शिवारातली माणसं कोयता घेऊन दुसऱ्यांचा ऊस तोडायला जाऊ लागली.

जळजळीचा आजचा इतिहास खरं तर ह्या कोयत्यापाशी सुरू होतो.

दसरा-दिवाळीनंतर बीड जिल्ह्यातून टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, आणि नवरा-बायकोच्या जोडीला हिशेबात 'कोयता' म्हणतात. पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात, कारखान्याच्या आवारात किंवा शेताच्या कडेला कोपी पडते. बाई पहाटे तीनच्या सुमाराला उठते, चुलीवर दिवसभराच्या भाकरी थापते, फडक्यात बांधते. अंधारातच फडात जायचं. त्यावेळी पोटात काय असतं? काळा चहा, फार तर तंबाखूची चिमूट, बाईच्या दातांना मिसरी. ऊस तोडायचा, वाढं सोलायचं, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून गाडीत भरायच्या. गार झालेली भाकर आणि लाल तिखटाची चटणी दुपार कलताना पोटात जाते, तीही दहा मिनिटांत, उकिडवं बसून. ट्रक रात्री आला तर भरणी रात्री. मग जेवण दहाला, अकराला, आणि जेवल्या जेवल्या अंग टाकायचं. कंबर, मान, गुडघे ठणकतात म्हणून दुकानातून सुटी गोळी आणायची, आणि बहुतेक वेळा ती रिकाम्या पोटीच गिळायची.

डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन यांच्यासारख्या वेदनाशामक गोळ्या पोटाच्या आतल्या अस्तराचं संरक्षण कमी करतात. रोज घेतल्या तर अस्तराला जखम होऊ शकते, रक्त जाऊ शकतं. तंबाखूतलं निकोटिन अन्ननलिकेच्या खालची झडप सैल करतं. पोट भरल्या भरल्या आडवं होणं, हे तर जठरातलं आम्ल वर यायला आमंत्रणच. एका माणसाच्या दिवसात ही सगळी कारणं एकत्र आली की त्याला नुसतं "तिखट कमी खा" सांगणं हा त्याच्यावर अन्याय आहे. ह्या विषयावर लिहिणाऱ्या अनेकांनी शहरातल्या माणसाची चिंता, पिझ्झा आणि रात्रीची जागरणं यांवर पानं भरली. कोयत्याच्या जळजळीवर फार थोड्यांनी लिहिलं.

साखरेच्या गोळीची गोष्ट मात्र दूर युरोपात सुरू होते, आणि तिची सुरुवात पोटावरूनच झालेल्या एका वादाने झाली. स्कॉटलंडचे वैद्य विल्यम कलन यांनी लिहिलं होतं की सिंकोनाची साल हिवतापावर चालते ती जठराला बळ देते म्हणून. १७९० मध्ये त्यांच्या ग्रंथाचं जर्मन भाषांतर करणाऱ्या सॅम्युएल हानेमान यांना हे पटलं नाही. त्यांनी ती साल स्वतःच घेऊन पाहिली, आणि आपल्याला हिवतापासारखीच लक्षणं झाली असं नोंदवलं. त्यातून 'समाने समाला बरं करावं' हा विचार निघाला. १७९६ मध्ये त्यांनी तो मांडला, १८१० मध्ये 'ऑर्गॅनन' हा ग्रंथ लिहिला, आणि होमिओपॅथी उभी राहिली.

त्या वेळी जठरात नेमकं काय असतं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. १८२३ च्या अखेरीस लंडनच्या विल्यम प्राउट यांनी जठररसात हायड्रोक्लोरिक आम्ल असल्याचं दाखवून दिलं. त्याच्या आदल्या वर्षी अमेरिकेतल्या मॅकिनॅक बेटावर ॲलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या कामगाराच्या पोटात बंदुकीची गोळी घुसली होती. जखम भरली, पण जठराला पडलेलं भोक कायम राहिलं. लष्करी डॉक्टर विल्यम बोमाँट यांनी त्या भोकातून दोऱ्याला बांधलेले अन्नाचे तुकडे सोडून पचन डोळ्यांनी पाहिलं आणि १८३३ मध्ये पुस्तक लिहिलं. रोगी चिडला की जठराचं काम बिघडतं, दारू प्याल्यावर आतलं अस्तर लाल होतं, हेही त्यांच्या नोंदींत आहे. म्हणजे आम्लाचं खरं ज्ञान होण्याच्या आधीच होमिओपॅथीचा पाया घातला गेला होता. ह्या शास्त्राला न्याय देताना आणि त्याची चिकित्सा करतानाही हा काळाचा क्रम ध्यानात ठेवावा लागतो.

आम्ल आहे म्हटल्यावर ते मारायला क्षार हवा, हे ओघानेच आलं. डब्लिनच्या जेम्स मरे यांनी १८२९ मध्ये पातळ मॅग्नेशिया तयार केला. न्यूकॅसलच्या जेम्स क्रॉस्ली ईनो यांचं फसफसणारं फ्रूट सॉल्ट एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर जगभर गेलं आणि आपल्याकडे ढोकळ्यातही शिरलं. सोड्याने आम्ल तेवढ्यापुरतं निवतं, वायू होतो, मोठी ढेकर येते आणि माणसाला सुटल्यासारखं वाटतं. पण त्यात सोडियम भरपूर असतं. रक्तदाबाच्या माणसाने रोज सोडा पिणं धोक्याचं, हे पुडी घेताना सहसा कुणी सांगत नाही.

इकडे आयुर्वेदाकडेही क्षार होताच, फक्त तो शंखा-कवड्यांच्या रूपात होता. शंखभस्म, कपर्दिकभस्म, प्रवाळ हे मुळात चुन्याच्या जातीचे पदार्थ. 'योगरत्नाकर' ह्या महाराष्ट्रातल्या वैद्यांच्या आवडत्या ग्रंथातला सूतशेखर रस, निशोत्तर आणि साखर असलेलं अविपत्तिकर चूर्ण, शिवाय कामदुधा, ही नावं मराठी घरांत रुळली. पनवेलला कृष्णशास्त्री पुराणिकांनी १८७२ मध्ये धूतपापेश्वर कारखाना काढला आणि वैद्याच्या खलातली औषधं लेबल लावलेल्या बाटलीत आली. शंकर दाजीशास्त्री पदे यांनी 'आर्यभिषक्'मधून घरगुती आयुर्वेद मराठी वाचकांपर्यंत नेला आणि १९०७ मध्ये नाशिकला आयुर्वेद महासंमेलनाचा पाया घातला. बीडला लागून असलेल्या अहमदनगरला (आजच्या अहिल्यानगरला) गंगाधरशास्त्री गुणे यांनी १९१७ मध्ये आयुर्वेद महाविद्यालय सुरू केलं. त्यांच्या 'औषधिगुणधर्मशास्त्रा'त सूतशेखरासारख्या कल्पांचं नेमकं विवेचन मराठीत वाचायला मिळतं.

मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. त्यामुळे इथं युनानी हकिमांचीही परंपरा होती. जिऱ्याचा जवारिश कमूनी हा पोटासाठीचा त्यांचा ठेवणीतला पाक. हैदराबादला १९२० मध्ये हकीम मोहम्मद मोईजुद्दीन फारुकी यांनी काढलेला 'जिंदा तिलिस्मात' हा ओव्याचा अर्क, कापूर, निलगिरी यांचा तिखट द्राव सर्दीपासून पोटदुखीपर्यंत सगळ्याला चाले. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामी संपली, पण ती लहान बाटली मराठवाड्यातल्या घरांतून गेली नाही.

होमिओपॅथी महाराष्ट्रात आली ती बंगालच्या वाटेने. १८३९ च्या सुमाराला लाहोरला रणजितसिंहांच्या दरबारी योहान होनिगबर्गर यांनी ती वापरली होती, पण रुजली ती कलकत्त्यात. तिथल्या मेडिकल कॉलेजचे एम.डी. डॉ. महेंद्रलाल सरकार हे आधी तिचे कडवे विरोधक होते. १८६७ मध्ये त्यांनी उघडपणे तिचा स्वीकार केला आणि सहकारी डॉक्टरांचा बहिष्कार सोसला. ह्याच माणसाने १८७६ मध्ये विज्ञान संशोधनासाठी संस्था काढली, जिथे पुढे सी. व्ही. रामन यांनी नोबेलचं काम केलं. मंगळूरला फादर ऑगस्टस म्युलर यांनी १८८० मध्ये गरिबांसाठी होमिओपॅथीचा दवाखाना सुरू केला. औषध स्वस्त, कडू नाही, मूल नाक मुरडत नाही, सुई नाही: एवढ्या गुणांवर ती मास्तर, पोस्टमास्तर, स्टेशनमास्तर यांच्या लाकडी पेटीतून गावोगाव फिरली. मुंबई राज्याने १९५९ मध्ये होमिओपॅथीच्या व्यावसायिकांसाठी कायदा केला. १९७३ मध्ये केंद्राने होमिओपॅथी परिषदेचा कायदा केला. मग महाविद्यालयं निघाली. बीड शहरातही सोनाजीराव क्षीरसागर होमिओपॅथिक महाविद्यालय आहे. मराठवाड्याच्या खेड्यांत दवाखाना थाटून बसणारे डॉक्टर पुष्कळदा बीएचएमएस किंवा बीएएमएस असतात. एमबीबीएस झालेला तरुण तालुक्याच्या खाली क्वचित उतरतो. तेव्हा होमिओपॅथीचं इथलं स्थान समजून घ्यायचं तर ही साधी गोष्ट आधी मान्य करावी लागते: रात्री अकराला दार उघडणारा डॉक्टर तोच असतो.

त्या दवाखान्यात जळजळीचा रोगी गेला की काय होतं? डॉक्टर पोटाबद्दल विचारतात, आणि मग पोट सोडून बाकी सगळं विचारतात. तहान किती? घोट घोट पितोस की गटागटा? गोड हवंसं वाटतं की आंबट? त्रास संध्याकाळी चार ते आठ वाढतो का? पोट फुगलं की कमरेचा करगोटा सैल करावासा वाटतो का? राग लवकर येतो की रडू? कुठल्या कुशीवर झोपतोस? उत्तरांवरून औषध ठरतं. रात्रीचं जागरण, तिखट, तंबाखू, चिडका स्वभाव असेल तर नक्स व्होमिका. पोट फुगून संध्याकाळी त्रास असेल तर लायकोपोडियम. तूप-तेलाचं सोसत नसेल, तहान नसेल तर पल्सेटिला. ढेकरांनी बरं वाटत असेल, वारा घ्यावासा वाटत असेल तर कार्बो व्हेज. रात्री आडवं झाल्यावर आंबट पाणी वर येत असेल तर रोबिनिया. बाराक्षार पद्धतीतली नेट्रम फॉस तर घरोघर ठाऊक आहे. मग लहान बाटलीत साखरेच्या गोळ्या, त्यावर स्पिरिटचा वास असलेले दोन-चार थेंब, बूच, आणि चिठ्ठीवर '३०' किंवा '२००' असा आकडा.

यातलं नक्स व्होमिका म्हणजे कोकणातला काजरा, वैद्यांचा कुचला. शुद्ध केलेला कुचला आयुर्वेदाच्या अग्नितुंडी वटीतही आहे, आणि तीही मंदाग्नीवरच देतात. एकाच विषारी बीवर दोन शास्त्रांची नजर पडली. फरक मात्रेचा. कुचल्यात स्ट्रिक्नीन हे जहाल विष असतं, म्हणून कच्चं बी घरी उगाळण्याचा प्रयोग कुणीही करू नये. होमिओपॅथीच्या '३०' मध्ये मात्र मूळ द्रव शंभरपट असा तीस वेळा पातळ केलेला असतो, म्हणजे एकावर साठ शून्यं इतका. रसायनशास्त्राच्या हिशेबाने बाराव्या पायरीपुढेच मूळ पदार्थाचा एखादा कण उरण्याची शक्यता संपत जाते.

म्हणून प्रश्न विचारावाच लागतो: मग बरं का वाटतं? २००५ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये होमिओपॅथीच्या ११० आणि आधुनिक औषधांच्या ११० चाचण्यांची तुलना छापून आली. चांगल्या दर्जाच्या मोठ्या चाचण्या वेगळ्या काढल्यावर होमिओपॅथीचा परिणाम नुसत्या साखरगोळीइतकाच राहिला. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य संशोधन परिषदेने २०१५ मध्ये ६१ आजारांवरचे अभ्यास तपासले आणि एकाही आजारावर ती परिणामकारक असल्याचा विश्वासार्ह पुरावा नाही, असा निष्कर्ष दिला. होमिओपॅथीच्या अनुयायांना हे निष्कर्ष मान्य नाहीत; माणूस पाहून औषध बदलणारी पद्धत अशा चाचण्यांत बसत नाही, असं त्यांचं म्हणणं. पण पुराव्याचं पारडं आज कुठल्या बाजूला झुकलं आहे, हे स्पष्ट सांगणं भाग आहे.

तरीही रोगी खोटं बोलत नाही. त्याला बरं वाटलेलं असतं. अपचनाच्या चाचण्यांत नुसती बिनऔषधी गोळी घेणाऱ्यांपैकीही ३० ते ४० टक्क्यांना उतार पडतो. हा आजारच मुळात वर-खाली होणारा आहे. शिवाय होमिओपॅथीचे डॉक्टर गोळ्यांबरोबर पथ्य देतात: तंबाखू बंद, कॉफी बंद, कच्चा कांदा-लसूण नको. यातल्या पहिल्या दोन गोष्टी सुटल्या की जळजळ खरोखर कमी होते. आणि सर्वांत मोठं म्हणजे त्या अर्ध्या तासात कुणीतरी त्याचं जेवण, झोप, राग, काम यांची चौकशी केलेली असते. गोळीत औषध उरलं नसेल, पण त्या चौकशीत होतं. सरकारी दवाखान्याच्या रांगेत दोन मिनिटांत संपणाऱ्या तपासणीने ही एक गोष्ट होमिओपॅथीकडून जरूर उचलावी.

आधुनिक वैद्यकाने दरम्यान तीन मोठ्या उड्या घेतल्या. जेम्स ब्लॅक यांनी आम्ल तयार होण्याचाच इशारा अडवणारं औषध शोधलं. सिमेटिडिन १९७६ मध्ये बाजारात आलं आणि ब्लॅक यांना १९८८ चं नोबेल मिळालं. १९८१ मध्ये रॅनिटिडिन आलं. भारताच्या १९७० च्या पेटंट कायद्यात औषधाच्या पदार्थाला पेटंट नव्हतं, फक्त बनवण्याच्या पद्धतीला होतं. त्यामुळे देशी कंपन्यांनी ते स्वस्तात बनवलं आणि अल्सरच्या ज्या शस्त्रक्रिया पूर्वी सर्रास व्हायच्या, त्या एका गोळीने टळू लागल्या. १९८८ मध्ये स्वीडनमधून ओमेप्राझोल आलं, पाठोपाठ पँटोप्राझोल. ही औषधं आम्लाचा पंपच बंद करतात. तिसरी उडी ऑस्ट्रेलियातली. रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी १९८२ मध्ये जठरातला हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू वाढवून दाखवला. कुणी विश्वास ठेवेना म्हणून मार्शल यांनी १९८४ मध्ये तो स्वतः प्यायला, जठराला सूज आणली आणि ती सिद्ध केली. २००५ चं नोबेल त्या दोघांना मिळालं. अल्सरचं मोठं कारण जंतू आहे आणि प्रतिजैविकांनी तो जातो, हे कळल्यावर चिंता आणि मिरची यांच्यावरचे निम्मे आरोप गळून पडले.

रॅनिटिडिनची कहाणी पुढे वेगळं वळण घेऊन गेली. २०१९ मध्ये त्यात कर्करोगाला कारण ठरू शकणारी एनडीएमए ही अशुद्धी सापडल्याने अनेक देशांनी ते मागे घेतलं, आणि २०२२ मध्ये भारताच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतून ते वगळलं गेलं. आता पित्ताची गोळी म्हणजे बहुधा पँटोप्राझोल किंवा त्याच्या जोडीला उलटीचं औषध. ते चांगलं औषध आहे. पण जेवणानंतर जळायला लागल्यावर घेऊन त्याचा पुरता उपयोग होत नाही. ते सकाळी, रिकाम्या पोटी, खाण्याच्या अर्धा तास आधी घ्यायचं असतं. आणि डॉक्टरने सांगितलेले आठवडे संपल्यावरही वर्षानुवर्षं स्वतःच्या मनाने चालू ठेवायचं नसतं. दीर्घ काळ घेणाऱ्यांत बी-१२ आणि मॅग्नेशियम कमी झालेलं आढळतं. महाराष्ट्राने २०१४ मध्ये कायदा बदलून होमिओपॅथीच्या डॉक्टरांना वर्षभराच्या अभ्यासक्रमानंतर आधुनिक औषधं देण्याची वाट मोकळी केली, आणि त्यावरून २०२५ मध्ये ॲलोपॅथीच्या संघटनांशी मोठा वाद पेटला. वाद कसाही सुटो, दिंद्रुडसारख्या गावात दोन्ही प्रकारची गोळी बहुधा एकाच हातून मिळत राहील. म्हणून त्या हाताला आम्लाचं शास्त्र नीट येणं सगळ्यांच्याच हिताचं आहे.

एक जुनी सवय मात्र मोडायला हवी. सकाळी मिठाचं पाणी पिऊन, घशात बोटं घालून 'पित्त पाडणं' पुष्कळ घरांत अजून चालतं. वैद्याच्या देखरेखीखालचं वमन वेगळं आणि हे वेगळं. रोजच्या उलटीने दातांचं कवच झिजतं, अन्ननलिका सोलवटते, आणि कधी कधी फाटून रक्त येतं.

बाकी करायचं ते फार अवघड नाही. रात्रीचं जेवण आणि झोप यांत तीन तासांचं अंतर, डोक्याकडची बाजू विटेने उचललेली खाट, डाव्या कुशीवर झोप, कामावर निघण्याआधी चतकोर का होईना भाकर, आणि अंगदुखीची गोळी कधीही उपाशी पोटी नाही. मुकादमांनी आणि कारखान्यांनी फडावर जेवणाची वेळ पाळली, तर हंगामातल्या पुष्कळ गोळ्यांची गरज उरणार नाही. शौच डांबरासारखं काळं होत असेल, उलटीत रक्त असेल, घास अडकत असेल, वजन उतरत असेल किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच हा त्रास सुरू झाला असेल, तर कुठल्याही पद्धतीच्या गोळ्यांवर दिवस न काढता दुर्बिणीची तपासणी करून घ्यावी. अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय १९७० च्या दशकात ह्याच भागातल्या लोकांसाठी उभं राहिलं आहे.

आणि छातीतल्या जळजळीबरोबर घाम फुटला, दम लागला, कळ हाताकडे किंवा जबड्याकडे जायला लागली, तर ते पित्त नसून हृदयाचा झटका असू शकतो. बायकांमध्ये आणि मधुमेह असलेल्यांमध्ये तर तो नुसत्या मळमळीच्या रूपातही येतो. अशा वेळी ओवा, सोडा, गोड गोळी, पँटोप्राझोल, काहीही देत बसू नका. १०८ ला फोन करा आणि आधी ईसीजी काढून घ्या.